त्रागा : एका शब्दाची जामीनकी

गेल्या वर्षीच्या संक्रांतीची गोष्ट. आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. बाहेर फूटभर बर्फ पडलेला आणि आई दुपारपासून गुळपोळ्या लाटत बसलेली. तीळ भाजून झाले, गूळ किसून झाला, खसखस इंडियन ग्रोसरीतून आधीच आणून ठेवलेली. संध्याकाळी सहाला सगळ्यांनी एकत्र बसायचे असे ठरले होते. माझी मीटिंग लांबली. बायकोची गाडी बर्फामुळे हायवेवर अडकली. तेरा वर्षांची कन्या बास्केटबॉलच्या सरावानंतर मैत्रिणींबरोबर पिझ्झा खाऊन आठला घरी उगवली. आई काही बोलली नाही. एवढेच म्हणाली, "माझं ताट वाढू नका. मला भूक नाही." आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतले.

कन्या म्हणाली, "ओके आजी, नो प्रॉब्लेम." तिने वाढलेले ताट व्यवस्थित फॉइलने झाकले, त्यावर 'आजी' अशी चिठ्ठी चिकटवली आणि फ्रीजमध्ये ठेवून दिले. तिच्या मते तिने शहाण्या मुलीसारखे वागून दाखवले होते. आजीला भूक नाही, आजीला एकटे राहायचे आहे, आजीच्या इच्छेचा मान राखला पाहिजे. शाळेत हेच शिकवतात आणि त्यात चूक काही नाही.

पण मंडळी, हेच वाक्य आमच्या सांगलीच्या घरात उच्चारले गेले असते तर काय झाले असते ते तुम्हाला सांगायला नको. अण्णांनी पेपर खाली ठेवला असता. आत्या दाराशी जाऊन "वहिनी, उठा बघू, अन्नावर राग काढू नये" म्हणाली असती. ती परत आली की आम्हा पोरांना पाठवले असते. तिसऱ्या खेपेला अण्णा स्वतः गेले असते आणि आई डोळे पुसत, "माझं कोणाला काय आहे या घरात" असे म्हणत पानावर येऊन बसली असती. नाटक म्हणा हवे तर. पण त्या नाटकात प्रत्येकाला आपापली भूमिका पाठ होती. इथे आईने पहिला प्रवेश केला आणि समोरच्या पात्रांनी दिवे मालवून टाकले. मीही त्या रात्री अकरापर्यंत फोनवरच होतो. आई उपाशी झोपली. सकाळी उठून तिने काहीच न झाल्यासारखा सगळ्यांना चहा केला.

त्या सकाळी कन्येने विचारले, "आजी चिडली होती का? मग तिने तसं सांगितलं का नाही?" मी म्हटले, "ती चिडली नव्हती गं, त्रागा करत होती." "त्रागा म्हणजे?"

इंजिनिअरिंगची डॉक्टरेट घेतलेल्या माझी इथे दांडी उडाली. 'टँट्रम' म्हणावे तर ते लहान मुलांचे. 'सल्किंग' म्हणजे रुसणे, आणि रुसव्यात एक लाडिकपणा असतो तो त्राग्यात नसतो. आणखी एक इंग्रजी शब्दप्रयोग जिभेवर आला, 'इमोशनल ब्लॅकमेल'. तो मात्र मी गिळला. पंधरा वर्षांपूर्वी तो मी एकदा वापरला होता. त्याबद्दल पुढे सांगतो.

नाराजीसाठी आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही. कुरकुर तोंडातल्या तोंडात होते, कटकट दुसऱ्याच्या कानाशी होते. वैताग कोणावरही नसतो, तो एकूण परिस्थितीचा असतो. माणूस एकटा असतानाही वैतागू शकतो. चीड अन्यायाची येते. राग दुसऱ्यावर काढतात. त्रागा मात्र माणूस स्वतःवर काढतो आणि तोही दुसऱ्याच्या देखत. घाव स्वतःवर, आणि कळ मात्र समोरच्याला लागावी ही अपेक्षा. म्हणूनच रिकाम्या घरात कोणी त्रागा करत नाही. मारायचे कोणाला आणि लागायचे कोणाला याची अशी वाटणी असणारा शब्द मला इंग्रजीत सापडेना. म्हणून पुढच्या शनिवारी मी हा शब्द मुळात आला कुठून ते शोधायला बसलो, आणि जे सापडले ते वाचून थोडा वेळ गप्पच झालो.

पहिला धागा मिळाला तो चक्क एका इंग्रजी कोशात. यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा जाडजूड कोश काढला. हिंदुस्थानातल्या साहेबांच्या बोलण्यात शिरलेल्या देशी शब्दांचा तो संग्रह. त्यात 'त्रागा' आहे. मोल्सवर्थच्या मराठी कोशाचा हवाला आहे आणि गुजरातीतल्या 'त्रागुं'चाही. अर्थ दिला आहे तो असा : धरण्याचा शेवटचा आणि सर्वात भीषण प्रकार, ज्यात तक्रारदार स्वतःला किंवा आपल्या घरच्या माणसाला इजा करतो, प्रसंगी जीव घेतो, म्हणजे त्याचे पाप अन्याय करणाऱ्याच्या माथी बसावे. म्हणजे आपल्या आया-आज्यांच्या स्वयंपाकघरातला हा शब्द एके काळी रक्ताचा शब्द होता.

हे रक्त सांडायचे ते प्रामुख्याने गुजरात-काठियावाडात, भाट आणि चारण या जातींच्या हातून. राजांच्या वंशावळी सांगणारे, कवने रचणारे हे लोक. त्यांचे रक्त सांडणे हे महापाप मानले जाई. समाजाने त्यांना दिलेल्या या पावित्र्याचा एक व्यवहारी उपयोग होता : भाट-चारण जामीन राहत. दोन संस्थानिकांचा तह असो, सावकाराचे कर्ज असो, सारा भरण्याची कबुली असो, नाहीतर व्यापाऱ्यांचा तांडा लुटारूंच्या मुलखातून पलीकडे न्यायचा असो, मध्ये भाट किंवा चारण उभा राहायचा. करारनाम्यावर तो सहीबरोबर कट्यारीचे चित्र काढी. त्या चित्राचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. वचन मोडलेस तर ही कट्यार चालेल. तुझ्यावर नव्हे, माझ्यावर.

आणि ती चालत असे. आधी दंडावर वार, रक्ताचे शिंतोडे वचन मोडणाऱ्याच्या दारावर. तेवढ्याने भागले नाही तर पुढचे पाऊल, थेट मरणापर्यंत. कधी चारण स्वतः मरे, कधी घरातली म्हातारी आई पुढे होई. आणि हेही लिहिले पाहिजे की कधी कोणाला न विचारता घरातल्या बाईचा किंवा मुलाचा बळी दिला जाई. अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स याने १८५६ च्या 'रासमाला' या ग्रंथात या प्रथेची हकिगत लिहून ठेवली आहे. सौराष्ट्रात गावांच्या वेशीवर पाळिये म्हणजे स्मारकशिळा उभ्या असतात. लढाईत पडलेल्या वीरांच्या असतात तशा त्राग्यात मेलेल्यांच्याही असतात.

यात आपण मराठी माणसे केवळ प्रेक्षक नव्हतो. १७७५ साली राघोबादादा पेशवेपदासाठी इंग्रजांची मदत घेऊन गुजरातेत उतरले. कर्नल कीटिंगची फौज त्यांच्याबरोबर होती आणि त्या फौजेबरोबर जेम्स फोर्ब्स नावाचा एक तरुण इंग्रज होता, ज्याने पुढे १८१३ साली आपल्या आठवणी छापल्या. नडियाद शहरावर जबर खंडणी बसवली गेली. तिथल्या भाटांना अशा करांतून परंपरेने सूट होती. या वेळी ती मानली गेली नाही, तेव्हा भाटांनी सर्वांदेखत स्वतःवर आणि एकमेकांवर शस्त्र चालवले. ज्यांच्या नावाने खंडणी निघाली होती ते राघोबादादा स्वतः ब्राह्मण. त्यांच्या माथी हे रक्त बसावे हाच हेतू होता. 'ध'चा 'मा' करण्याची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. नडियादच्या भाटांची गोष्ट मला मात्र कोणी सांगितली नव्हती.

पुढे बडोद्याच्या गायकवाडांनी याच प्रथेवर आपला वसूल उभा केला. काठियावाडात दरसाल मुलूखगिरीची फौज पाठवून खंडणी गोळा करावी लागे. १८०७ साली कर्नल अलेक्झांडर वॉकर याने गायकवाडांच्या वतीने आणि कंपनीच्या वतीने तिथल्या संस्थानिकांशी कायमचे करार केले. त्या करारांत फेलजामीन, म्हणजे चांगल्या वर्तणुकीची हमी, आणि तिला पुन्हा आडजामीन अशी व्यवस्था होती. या हमीसाठी पुढे आले ते भाट आणि चारणच. ईस्ट इंडिया कंपनीसारखी हिशेबी संस्था, पण काठियावाडात तिलाही कागदापेक्षा कट्यारीचे चित्र अधिक भरवशाचे वाटले.

इकडे घाटावर रक्त सांडण्यापर्यंत मजल क्वचित जाई, पण त्याच घराण्यातली सौम्य रूपे सर्रास चालत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात तकाजाचे वर्णन आहे. आपला 'तगादा' तो हाच. धनको बरोबरीचा किंवा वरचढ असेल तर ऋणकोला घराबाहेर पडू देत नसे, उन्हात बसवून ठेवी. पण ऋणको मोठा आणि धनको लहान असेल तर? मग तो ऋणकोच्या उंबऱ्यावर लोळण घेई, वाटेत आडवा पडे, दारात आक्रोश करी आणि शेवटी उपाशी बसून राही. तो उपाशी असेपर्यंत ऋणकोनेही जेवायचे नाही असा दंडक होता. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत असताना एल्फिन्स्टनने आपल्या रोजनिशीत अशाच एका प्रसंगाची नोंद केली आहे. काही सरदारांनी खुद्द महाराजांनाच धरणे धरले. महाराजांनी मारण्याची धमकी दिली, तर सरदारांच्या म्होरक्याने उलट सांगितले, मारा, आम्ही बसलोच आहोत. छावणीतले बाजार दिवसभर बंद राहिले.

या सगळ्यांत एक सूत्र दिसते. त्रागा हे दुबळ्याचे हत्यार आहे. ज्याच्याकडे फौज नाही, कोर्ट नाही, पैसा नाही, त्याच्याकडे स्वतःचा देह तेवढा उरतो. पण हत्यार चालण्यासाठी एक अट आहे. समोरच्याला आपल्या मरणाचे, उपासाचे काहीतरी वाटले पाहिजे. कैकेयी क्रोधागारात जाऊन दागिने फेकून जमिनीवर पडली ती दशरथ येईल या खात्रीनेच. शिवाय ती मागत होती तेही थकलेले येणेच होते, पूर्वी कबूल केलेले दोन वर. दशरथाला काही वाटलेच नसते तर कैकेयी सकाळी मुकाट्याने उठली असती आणि रामायण घडलेच नसते.

इंग्रजी राज्याला या हत्याराची धास्ती वाटली. काशी प्रांतात १७९५ च्या एकविसाव्या रेग्युलेशनने धरणे धरायला आणि घरच्या बायकामुलांना इजा करून सरकारला अडवायला बंदी झाली. पुढे मेकॉलेच्या मसुद्यातून तयार झालेल्या १८६० च्या भारतीय दंडविधानात कलम ५०८ आले. त्याला दोन उदाहरणे जोडलेली होती. एकात 'अ' हा 'ज्ञ'च्या दारात धरणे धरून बसतो. दुसऱ्यात 'अ' म्हणतो की तू अमुक केले नाहीस तर मी माझे स्वतःचे मूल ठार करीन आणि दैवी कोप तुझ्यावर होईल. कायद्याच्या कोरड्या भाषेत हा त्रागाच आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. २०२४ च्या जुलैत दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, पण हे कलम ३५४ क्रमांक घेऊन तिच्यातही येऊन बसले आहे.

कट्यार गेली, शब्द उरला. दरबारातून आणि बाजारातून हाकलला गेलेला त्रागा घरात शिरला, कारण ज्यांच्याकडे दुसरे हत्यार नव्हते अशी माणसे आता घरातच होती. सासुरवाशिणी, विधवा आत्या, म्हातारे आईबाप. कट्यारीच्या जागी भांड्यांची आदळआपट आली, मरणाच्या जागी न वाढलेले ताट आले.

याच काठियावाडात वाढलेल्या गांधीजींना हा सारा इतिहास परका नव्हता, आणि म्हणूनच आपला उपवास त्यापासून वेगळा काढण्याची त्यांची धडपड जन्मभर चालली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की उपवास करायचा तो आपल्यावर प्रेम करणाऱ्याच्या विरुद्ध, त्याने सुधारावे म्हणून. शत्रूच्या हातून काही उकळण्यासाठी नव्हे. तरी पाय घसरतोच. १९३९ च्या मार्चमध्ये राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी दिलेले वचन मोडले म्हणून गांधीजींनी उपवास केला. त्याच वेळी त्यांनी व्हाइसरॉयना मध्ये घातले, निवाडा आपल्या बाजूने मिळवला, आणि मे महिन्यात आपल्या उपवासात हिंसा होती असे जाहीरपणे कबूल करून त्या निवाड्यावर पाणी सोडले. वचनभंग, काठियावाड, उपवास : चारणांची गोष्टच पुन्हा, फक्त शेवट निराळा.

आणि अमेरिकेला हे अगदीच कळत नाही असेही नाही. १९६८ साली कॅलिफोर्नियातल्या डिलेनो गावी सेझर चावेझ यांनी पंचवीस दिवस उपवास केला. द्राक्षमळ्यांच्या मालकांविरुद्ध संप चालू होता, पण उपवास मालकांना उद्देशून नव्हता. संपातली आपलीच माणसे हातघाईवर यायला लागली होती, त्यांना आवरण्यासाठी तो होता. उपवास सुटला तेव्हा रॉबर्ट केनेडी शेजारी बसले होते. मालकांना काही वाटणार नाही हे चावेझ जाणून होते. ज्यांना वाटेल त्यांच्याचपुढे ते उपाशी बसले.

आता ते गिळलेले शब्द.

मी इथे शिकायला आलो तेव्हा पाच वर्षांत परत येतो असे सांगून आलो होतो. अण्णांना ते खरे वाटत नव्हते. काका तर उघड म्हणाले होते, गेलेला कोणी परत येत नाही. तेव्हा आई सगळ्यांपुढे म्हणाली होती, "मी सांगते, तो येईल." पीएच.डी. झाली, नोकरी लागली, ग्रीनकार्डचा अर्ज गेला. मी फोनवर सांगितले की आता काही वर्षे तरी येणे जमणार नाही. दोन दिवस आई जेवली नाही. मला ते कळले आठवड्याने, आत्याच्या फोनवरून. मी आईला फोन लावला आणि तिचे काही ऐकायच्या आधीच म्हणालो, "आई, हे इमोशनल ब्लॅकमेल बंद कर."

ती 'बरं' म्हणाली. त्यानंतर फोनवर तिने कधीही त्रागा केला नाही. मी ते समजूतदारपणाचे लक्षण मानले.

वॉकरच्या करारांबद्दल वाचताना मला काकांपुढे उभी असलेली आई दिसली. ब्लॅकमेल करणारा स्वतः सुरक्षित राहतो, घाव दुसऱ्याला घालतो. ती तर माझी जामीन राहिली होती. वचन मी दिले होते, हमी तिने घेतली होती, आणि मी ते मोडल्यावर काकांसमोर, शेजारणींसमोर मान तिची खाली गेली. तिने कट्यार चालवली ती स्वतःवर, आणि मी आठ हजार मैलांवरून तिला सांगितले की मला काहीही लागलेले नाही. आमच्या धंद्यात निरोप पोचल्याची पोच परत आली नाही तर पाठवणारा काही वेळा पुन्हा पाठवतो आणि मग थांबतो. आई पहिल्याच खेपेला थांबली होती.

गैरसमज नको. घरातल्या कोणाच्या तोंडी खरोखर जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर ती त्रागा म्हणून उडवून लावू नये. इथले डॉक्टर, समुपदेशक त्यासाठीच आहेत. आणि त्राग्याचा जाच सोसलेल्या सुना-मुलेही मी पाहिली आहेत. आयुष्यभर दुसऱ्याच्या उपासाच्या धाकाखाली जगणे हे सुख नव्हे. घरच्या माणसाला न विचारता त्याचा बळी देणारे चारण मी वर लिहिलेच आहेत. पण 'माझं ताट वाढू नका' या वाक्याला 'ओके' हे उत्तर नाही, एवढे मला आता कळते.

हे सगळे मी आईला सांगितले. चारण, कट्यार, काका, सगळे. माफीही मागितली. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "अरे, तेव्हा उपासच होता. एकादशी होती." दोन दिवसांची एकादशी कोणत्या पंचांगात असते ते मी विचारले नाही.

कन्येला मात्र धरण्याचा तो नियम फार आवडला, धनको उपाशी असेपर्यंत ऋणकोनेही जेवायचे नाही हा. मार्चमध्ये पुन्हा एकदा काहीतरी बिनसले आणि आईने दार लोटून घेतले. कन्या आपले भरलेले ताट घेऊन दारासमोर जमिनीवर बसली आणि आपल्या मराठीत म्हणाली, "आजी, तू नाही जेवणार तर मी पण नाही जेवणार. मी इकडे बसली आहे." पाच मिनिटेही झाली नसतील. दार उघडून आई म्हणाली, "अगं, गार जमिनीवर काय बसलीस? तुझं वाढीचं वय आहे." दोघी जेवायला आल्या.

माझे देणे अजून फिटलेले नाही. परत जाणे आता होईल असे वाटत नाही, आणि हे आईलाही माहीत आहे. मात्र संक्रांतीच्या संध्याकाळी सहा ते आठ या वेळात मी कॅलेंडरवर कोणालाही मीटिंग टाकू देत नाही.